आठ बनांत एक अंडं

अख्तरीभाभीच्या बेकरीत ज्यानं एकदा पाव दाबून पाहिला, तो पुन्हा कधी दाबत नाही. त्यानं हात मागे घ्यायच्या आत भाभीनं त्याची बिनपाण्यानं केलेली असते. "टरबूज हाय काय ते? तू दाबला, आता खाईल कोन?" आमच्या धाड गावच्या बाजारात तिच्या तोंडी लागून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिचे नवरे जब्बारभाई वारले तेव्हा बेकरी बंद पडणार असं लोकांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. भाभीची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं घरात बसायची मुदत, संपली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं स्वतः भट्टी पेटवली. त्याला आता नऊ वर्षं झाली. मैदा तीच मळते, लाकडं तीच लावते, आणि बाराही महिने चिडलेली असते.

मी संघपाल, पेंटर. माझं दुकान तिच्या भिंतीला लागून आहे. माझाही स्वभाव काही गोड नाही, पण तिच्यापुढे मी गप्प बसतो. ज्या दिवसाबद्दल सांगतोय, त्या दिवशी तर मला बोलायला तोंडच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी भाभीनं अंड्याचे बन सुरू केले. मऊ, पिवळसर, वरून चकाकणारे. मला म्हणाली, "बोर्डावर अंडा बन लिहून दे, बाकी कलाकारी नोको." मी ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मी बनाशेजारी एक मोठं पांढरंशुभ्र अंडं काढलं आणि कोणी सांगितलेलं नसताना खाली लाल रंगात लिहिलं, रोज दोन खा, ताकद कमवा. भाभीनं ते वाचलं, थोडी कुरकुरली. मग बन खपायला लागले आणि बोर्ड तसाच राहिला.

तो बोर्ड भागवतनं वाचला. भागवत गावाबाहेरच्या मळ्यात राहतो. त्याच्या बायकोला, राखीला टीबी निघाला होता. सरकारी गोळ्या चालू झाल्या. वजन भरलं छत्तीस किलो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गोळ्यांबरोबर रोज दोन अंडी द्या, वजन वाढलंच पाहिजे. पण भागवतची आई वच्छलाबाई माळकरी. त्या घरात चाळीस वर्षांत अंड्याचं टरफलसुद्धा गेलेलं नाही. बायको वाळत चाललीय, आणि या बहाद्दराची आईला विचारायची छाती होईना. त्यानं पळवाट काढली. रोज दोन बन कागदात बांधून न्यायचे. आईला सांगायचं दुधाचे आहेत, आणि राखीला हळूच सांगायचं, दोन बन म्हणजे दोन अंडे, गुपचूप खाऊन घे.

दीड महिना असा गेला. मग एका बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर गर्दी असताना, भागवतनं येऊन बनाची पुडी काउंटरवर आपटली.

"चाची, तुमच्या बनात अंडं नाई. लोकाईले फसवून राह्यल्या तुमी."

मी हातातला ब्रश घेऊन बाहेर आलो. आता हा मेला, असं मला वाटलं. पण भाभी ओरडली नाही. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाले चारतं हे बन?"

त्यानं आवाज खाली घेतला. आपल्याकडे टीबी हा शब्द चोरी केल्यासारखा बोलतात, त्याची मला भारी चीड आहे. तसाच तो पुटपुटला. डॉक्टरांचं सांगितलं, आईचं सांगितलं आणि आज पुन्हा वजन केलं तर साडेपस्तीस भरलं, तेही सांगितलं.

भाभीनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत आत परातीपाशी नेलं. मी मागोमाग गेलो.

"हा एक ट्रे. तीस अंडे. एका घाण्याले एक ट्रे लागते, अन् एका घाण्याचे बन व्हतात दोनशे चाळीस. कर हिसाब."

हिशेब मी केला. आठ बनांत एक अंडं. दोन बनांत पाव अंडं.

"दीड महिन्याचे किती झाले?" भाभीनं मला विचारलं.

"अकरा. सव्वाअकरा म्हणा."

"अन् पायजे होते नव्वद." आता मात्र तिचा आवाज चढला. "अकरा अंडे चारले तुनं तिले. बाकी सारा मैदा, साखर अन् हवा. त्यानं पोट भरते, अंग नाई भरत. डॉक्टरनं बन सांगतला होता का अंडं?"

"अंडं."

"मंग? मायले इचारलं एक डाव?"

"नाई."

"बायको मेली असती तरी इचारलं नसतं तुनं." मग ती माझ्याकडे वळली. "अन् तुले कोन सांगतलं होतं ताकद लिहाले?"

ती स्वतःच पुढे म्हणाली, "म्या बी रोज पाह्यत होती तो बोर्ड. बन खपत होते म्हनून चूप राह्यली. लानत हाय माह्यावर." मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि भर बाजारात, लोक पाहत असताना, ती लाल ओळ पुसून टाकली.

भाभीनं चार अंडी उकडली, फडक्यात बांधली आणि बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. ती भागवतच्या गाडीवर मागे बसली. मी माझी गाडी काढली.

वच्छलाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. राखी बाजेवर पडून होती, तिची लहान पोरगी शेजारी खेळत होती. भाभीनं अंगणाबाहेर चपला काढल्या, पण अंगणात पाय टाकला नाही.

"वच्छलाबाई, या फडक्यात अंडे हायेत. तुमच्या सुनेचं औषद हाय. घरात नोको म्हना, अंगनात खाईल ते. अंगनात बी नोको म्हना, माह्या बेकरीत धाडा. पन आज खाईल ते."

सूप थांबलं. भागवतनं मान खाली घालून बनांचं सगळं सांगून टाकलं, पाव अंड्यापर्यंत. वच्छलाबाई त्याच्याकडे वळल्या.

"मले काऊन नाई इचारलं?"

"तू नाई म्हनशीन म्हनून."

"म्हनलीच असती नाई. एक दिवस म्हनली असती, दोन दिवस म्हनली असती. पोरगी डोयापुढं वाळून राह्यली, किती दिवस म्हनली असती? मायले राकशीन समजला तू." त्या उठल्या, भाभीच्या हातातलं फडकं स्वतः घेतलं आणि बाजेवर राखीपुढं ठेवलं.

राखीनं एक अंडं उचललं. सोललं, सगळं खाल्लं, बोटं पदराला पुसली. ती रडेल असं मला वाटलं होतं. पण तिच्या आवाजात रडण्याचा मागमूस नव्हता.

"म्हंजे मी दोन अंडे नव्हती खात?"

"पाव अंडं खात होती, बेटा," भाभी म्हणाली.

राखी भागवतकडे वळली. एवढा राग त्या साडेपस्तीस किलोंत कुठं मावला होता कोण जाणे.

"तू म्हने दोन अंडे. मले वाटे, रोज दोन अंडे खाऊन बी अंगाले लागत नाई, म्हंजे आता मी काई वाचत नाई. मांगच्या हप्त्यात माही बहीन आली होती, तिच्याकून म्या कबूल करून घेतलं, मी गेल्यावर माह्या पोरीले तू ने म्हनून. पोरीचा स्वेटर सापडत नाई म्हनून परवा तू माह्यावर चिल्लावला ना? तो म्या बहिनीसंग आदीच धाडून देला, पोरगी तिकडं जाईन तवा लागंन म्हनून."