सालूम, आज कुठल्या बाजूला?

फौजीची आठवण म्हणलं की तुम्ही आधीच सावरून बसता. बर्फ असणार, रात्र असणार, शेवटी तिरंगा. माझ्या गोष्टीत बर्फ न्हाय. ऊन होतं, आपल्या परंड्यासारखंच, आणि गोळी एक बी सुटली न्हाय. तरी बी अख्खं गाव पळालं, आणि ते माझ्यामुळं.

मी शिपाई, भूमचा. शाळेत खो-खो खेळलो आणि मास्तरांच्या नकला करून मार खाल्ला, एवढंच शिक्षण. आमची कंपनी शांतिसेनेत परदेशी गेली. देशाचं नाव लिहीत न्हाय, तिथली माणसं अजून तिथंच राहतात. तिथला हुकूमशहा घरदार घेऊन सीमेपलीकडं पळाला होता, पण ‘परत येणार, परत येणार’ अशी आवई रोज उठायची. कुणाचं चित्त ठिकाणावर नसायचं. दुकानदार शटर अर्ध्यावरच ठेवायचे. आमी बी बूट घालूनच झोपायचो.

कॅम्प फुटबॉल स्टेडियममधे. सकाळी सहाला फॉल-इन, मंग पेट्रोलिंग, दुपारी पाण्याच्या टँकरवर गार्ड. आमचा दुभाष्या सालूम. देशाच्या टीमचा जुना गोलकीपर, आमच्या लंगरात, म्हंजे फौजी स्वयंपाकघरात, रोट्या लाटता लाटता हिंदी शिकला. त्याचं हिंदी मोडकं, म्हणून त्याचं बोलणं आपल्या बोलीत सांगतो.

हुकूमशहाचा धाकटा पोरगा सगळ्या देशाच्या फुटबॉलचा मालक होता. आमी त्याला धाकले मालक म्हणायचो. स्वतःच कॅप्टन. त्याला दम लागला की दोन्ही टीमनी थांबायचं. जर्सीचा रंग आईसाहेब ठरवायच्या, रेफरी बहिणीचा नवरा. मॅच हरली तर खेळाडूंची डोकी भादरून त्यांना जर्सीवरच चौकात उभं करायचं. प्रॅक्टिस असो की गावातली मॅच, पेनल्टी मारायची ती मालकांनीच. आधी हातात माईक घेऊन, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं विचारायचे, “सालूम, आज कुठल्या बाजूला?” मंग मारायचे. सालूमनं उलट्या बाजूला झेप घ्यायची. आणि ती खरी वाटली पाहिजे.

“कोपरं फुटस्तोवर प्रॅक्टिस केली,” सालूम म्हणला. “हरायची.”

त्याचा धाकटा भाऊ बेनी, तो बी कीपर. एकदा प्रॅक्टिसला त्यानं मालकांचा बॉल अडवला. दोन्ही हातांनी, छातीशी. संध्याकाळी जीप आली. बेनी बूट न काढताच बसला, लगेच येतो म्हणला. आला न्हाय.

आता देशाची नवीन टीम बनत होती. रविवारी ट्रायल. सालूमचं वय निघून चाललेलं, ही शेवटची संधी. तो रोज संध्याकाळी आमच्या हवालदार जाधवांना पेनल्टी मारायला लावायचा आणि रोज उलटा पडायचा. पोरं हसायची. मी हसलो न्हाय, कारण खो-खोत आमचा धंदाच हुलकावणीचा. चुकणारा माणूस कधीमधी बरोबर तरी येतो. हा दर टायमाला बरोब्बर उलटा.

“सालूमभाई, बॉल कुठं जाणार ते तुला आधीच कळतंय की,” म्या म्हणलं.

“मला कळतंय. अंगाला सांग.”

शनिवारी कंपनी विरुद्ध गाव अशी मॅच ठेवली. पब्लिक खच्चून. माईक माझ्याकडं, दुसऱ्या कुणाकडं असणार. धाकल्या मालकांची जुनी रेकॉर्डिंगं गावात मोबाईलवर फिरायची, त्यावरनं म्या आवाज बसवला होता. नाकातनं, जरा आळसावलेला. बराकीत पोरं पोट धरून हसायची. सालूमनं माझा हा आवाज कधी ऐकला नव्हता.

आमाला पेनल्टी मिळाली. जाधवांनी बॉल ठेवला. मला वाटलं, ह्याची भीती हसण्यावारी उडवून टाकू. माईक तोंडाला लावला आणि त्यांच्याच भाषेत, त्याच नाकातनं म्हणलं, “सालूम, आज कुठल्या बाजूला?”

कुणी हसलं न्हाय. पुढच्या रांगेतली एक बाई उठली. मंग सगळं स्टेडियम उठलं. कुणी ओरडत नव्हतं, त्याचंच लई भ्या वाटलं. नुसता चपलांचा आवाज. बाहेर शटरं पडायला लागली, एकामागं एक, पार बाजाराच्या टोकापर्यंत.

रेफरी आमचे सुभेदार साहेब. त्यांच्या कमरेचा वायरलेस सेट खरखरला, पलीकडं मेजर साहेब.

“टायगर वन, स्टेडियम में क्या हुआ? ओवर.”

“पब्लिक भाग रहा है, सर. ओवर.”

“फायर? ओवर.”

“निगेटिव्ह, सर.” साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “कॉमेंट्री. ओवर.”

गावची टीम बी पळाली होती. गोलमधे सालूम एकटा. तोंड राखेसारखं, पण जागचा हलला न्हाय. जाधव बॉलपासून बाजूला झाले.

“मार,” सालूम म्हणला.

जाधवांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी शिट्टी दिली.

बॉल डावीकडं गेला. सालूमचा खांदा जुन्या सवयीनं दुसरीकडं कलला आणि मधेच फिरला. बॉल त्यानं दोन्ही हातांनी धरला. छातीशी. आणि तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी ट्रायलला त्याला घेतलं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवट तो न्हाय.

पळापळीत कुणी चेंगरलं न्हाय, हे माझं नशीब. त्याच संध्याकाळी जाब द्यायला माझी पेशी झाली. मेजर साहेबांनी एक्स्ट्रा ड्यूटी लावली. सुभेदार साहेब लोहाऱ्याचे, त्यांनी गावाकडच्या भाषेत घेतलं. “नकल्या, रायफलला सेफ्टी कॅच असतो. तुझ्या तोंडाला बसवायचा राहिला का? एखादी म्हातारी पायाखाली गेली असती म्हंजे? जा, घरोघर सांगून ये, मालक आले न्हायत म्हणून.”

सालूमला घेऊन मी दारं वाजवत हिंडलो. कुणी उघडतंय, कुणी आतनंच ऐकतंय. एक न्हावी फटीतनं बघत म्हणला, “तूच होतास कशावरनं? आवाज काढून दाखव.”

म्या तोंड उघडलं. सालूमनं त्यावर हात ठेवला. गोलकीपरचा हात, सगळं तोंड झाकलं.

“बास. तो पळाला तरी त्याचा आवाज हाय. मोबाईलमधे हाय, आता तुझ्या गळ्यात बी हाय. माझ्या बेनीचा कुठंच न्हाय. कुणी रेकॉर्ड केला न्हाय.” त्यानं हात काढला. “एवढा कलाकार हायस, तर त्याचा काढ.”

“म्या ऐकला न्हाय, सालूमभाई.”

“मंग गप बस.”