कळंबच्या निकिताचं नको

कळंबच्या दादासोंची निकिता मलावीत तीन दिवस भरल्या ताटासमोर उपाशी बसली. गावात सांगितलं की लोक खो खो हसतात. हसायला काय झालं?

बापाबरोबर ठिबकावर वांगी-टोमॅटो पिकवलेली, शेतीची पदविका घेतलेली ही पोरगी आफ्रिकेतल्या त्या देशात भाजीपाला शिकवायला स्वयंसेवक म्हणून गेली. एका म्हातारीच्या घरी उतरली. तिला सगळे आगोगो म्हणत, म्हणजे आजी. पहिल्या संध्याकाळी आगोगोनं मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा आणि पालेभाजी पुढं केली, खुणेनं विचारलं, वाढू? निकितानं मान हलवून नको म्हटलं. आपल्याकडं पहिल्याच खेपेला हो म्हणतं का कुणी? खादाड म्हणतील की! ती आग्रहाची वाट बघत बसली. आगोगोनं ताट शांतपणे झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. निकिताचं डोकंच फिरलं. कसली माणसं ही! पोरगी एवढ्या लांबून आली, तिला दोन घास खा म्हणायची रीत न्हाय? चौथ्या दिवशी वाफ्यात काम करताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. आगोगोनं इंग्रजी येणाऱ्या मास्तरांना बोलावलं. सगळा उलगडा झाला तेव्हा म्हातारी हसली नाही, चिडली.

"तू नको म्हणालीस. तू काय तान्हं लेकरू आहेस? मोठ्या बाईचा शब्द मी कसा मोडू?"

त्यांच्या भाषेत नकोला इयायी म्हणतात. तो शब्द निकिता त्या दिवशी शिकली आणि जपून वापरायला लागली. दोन वर्षांत भाषा जिभेवर बसली, मक्याचा गोळाही गोड लागायला लागला. तिनं इयायी म्हटलं की विषय तिथंच संपायचा.

आणि घरी आल्यावर? तिला मलावीला पाठवणाऱ्या संस्थेनं आणखी दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, रविवारपर्यंत होकार कळवायचा होता. आईनं, यशोदाबाईंनी, नेमकं शनिवारी सुप्याचं स्थळ बोलावलं.

"आई, मला आत्ता लगीन नको. मला परत जायचंय."

"सगळ्याच पोरी आधी नको म्हणत्यात."

"लाजतीया," दादासो म्हणाले.

लाजतीया! सव्वीस वर्षांची बाई, परक्या मुलखात दोनशे बायकांना रोपं लावायला शिकवून आलेली, ती म्हणे लाजतीया! चार वेळा सांगितलं, चारही वेळा हसण्यावारी नेलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी मंडळी आली. मुलगा बारामतीत नोकरीला, गप्प स्वभावाचा. त्याची आई चंद्राबाई. पोहे झाले आणि यशोदाबाई लाडवांचं ताट घेऊन उभ्या राहिल्या.

"नको वो, मला साखर हाय," चंद्राबाई म्हणाल्या.

"असं कसं? एका लाडवानं काय होतंय!"

"नको खरंच. डॉक्टरनं बजावलंय."

"माझी शपथ हाय तुमाला!"

लाडू ताटलीत पडलाच. चंद्राबाईंनी बिचाऱ्यांनी मान खाली घालून तो मोडायला घेतला.

निकिता उठली. तिनं त्यांच्या हातातली ताटली काढून घेतली.

"आई, त्या दोनदा नको म्हणाल्या. ऐकू येतं का न्हाय तुला?"

"निकिता! पाव्हण्यांसमोर?" दादासो ओरडले.

"व्हय, पाव्हण्यांसमोरच! घरात चारदा सांगून झालं. मी नको म्हणलं आणि तुमी पाव्हणं बोलावलं!" मग ती चंद्राबाईंकडं वळली. "मावशी, तुमच्या मुलात काही खोट न्हाय. मला लगीनच नकोय. हे तुमाला कुणी कळवलं न्हाय, त्याची मी माफी मागते."

चंद्राबाईंनी रिकाम्या हाताकडं पाहिलं, मग पदर सावरून उठल्या.

"चल रं," त्या मुलाला म्हणाल्या. "पोरगी नको म्हणतीया."

यशोदाबाई सवयीनं पुढं झाल्या. "अवो, असं काय करताय, निदान चहा तरी..."

"नको," चंद्राबाई म्हणाल्या.

यशोदाबाईंनी तोंड उघडलं, निकिताकडं पाहिलं आणि मिटलं.