मॅडम किनाऱ्यावर बसतील

बहरीनमधल्या व्हिसाच्या काउंटरवरचा माणूस आपल्याकडचाच होता, हिंदी बोलणारा. आमचे तीन पासपोर्ट त्याने पुढे ओढले, फोटो आमच्या तोंडांशी ताडून पाहिले आणि सहज विचारलं, "पोर्तुगाल में क्या है?" नवऱ्याला एवढंच हवं होतं. लाटा, बोर्ड, पेनिशचा किनारा, सर्फिंगचे क्लास, सगळं त्याने त्या काचेच्या फटीतून आत ओतलं. आमची मुलगी फोनमध्ये डोकं घालून उभी होती. "मॅडम भी सर्फिंग करेंगी?" त्या माणसाने हसून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "नहीं नहीं, मॅडम तो बीच पे बैठेंगी. आराम से."

क्लास दोघांचेच घेतलेत, हे मला असं, काउंटरवरच्या परक्या माणसाबरोबरच कळलं. मी बोटांचे ठसे दिले, फोटोसाठी नाक सरळ धरलं आणि बाहेर आले. आतून मात्र माझा नुसता भडका उडाला होता.

ही सहल काही आकाशातून पडली नव्हती. बहरीनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाची सुट्टी ही त्याची नसतेच, ती गावाची असते. वर्षाची लीव्ह मिळाली की अर्धी पुण्याला सासरी, अर्धी माझ्या माहेरी देवगडच्या बाजूला, आणि बॅगेत खजूर, बदाम, टँगचे डबे. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला बाहेर जाणार. त्याआधी एक सुट्टी आपल्या तिघांची असावी, हे मी म्हटलं होतं. नवऱ्याने नव्हे, मी. सासरच्या ग्रुपवर चुलत दिरांनी लिहिलं, "वहिनी, समुद्र बघायला पोर्तुगाल? माहेरचा आटला की काय?" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ती मी गिळली. मी काम करते त्या बँकेत मॅनेजरकडे दोनदा जाऊन रजेच्या तारखा बदलून घेतल्या. माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून रोज संध्याकाळी बाप-लेक लाटांचे व्हिडिओ बघायचे, तेव्हा मीही शेजारी खुर्ची ओढून बसायचे. मला वाटायचं, आपण तिघं बघतोय. ते दोघंच बघत होते. माझ्या हातात चहा होता, म्हणून मी तिथे होते, एवढंच त्यांच्या लेखी.

गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "मी बसणार, हे कधी ठरलं?"

"अगं, त्यात ठरवायचं काय?" नवरा एसी वाढवत म्हणाला. "तुला कुठे आवडतं पाण्यात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? लग्नाला वीस वर्षं होतील. गावाला गेलो की तू वाळूतच बसतेस की."

बसते! बसतेच मी! कारण हा पुण्याचा माणूस माझ्या माहेरच्या किनाऱ्यावर पोहोचला रे पोहोचला की घड्याळ काढतो, चष्मा काढतो, पाकीट, फोन, चपला, सगळं माझ्या ओटीत टाकतो आणि धावत सुटतो. त्याच्यामागून माझा भाऊ, भावाची मुलं, आमची मुलगी. सगळ्यांच्या चपला माझ्याभोवती. तिथल्या प्रत्येक कुटुंबात अशी एक बाई वाळूत बसलेली असते, पदराखाली चार फोन घेऊन. तिला कुणी विचारत नाही आणि वर म्हणतात, हिला आवडतंच असं निवांत.

"आणि त्या क्लासवाल्यांनी विचारलं होतं," तो पुढे म्हणाला, "सगळ्यांना पोहता येतं का म्हणून. मी कळवलं, बायकोला पाण्याची भीती वाटते."

मला पोहता येत नाही, हे खरं. पण भीती? माझं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. रात्री कूस बदलली तरी लाट ऐकू यायची. भरती-ओहोटी मला घड्याळाआधी कळायची. खाडीत गुडघाभर पाण्यात वाकून मी तिसऱ्या गोळा केल्यात, पायाला शिंपले कापून रक्त आलं तरी. गुडघाभर, बस. त्याच्यापुढे मुलींनी जायचं नाही. माझ्या भावाच्या पाठीला काकांनी तरंगायला म्हणून दोन असोले नारळ बांधले आणि त्याला विहिरीत ढकललं. तो बोंबलला, पाणी प्यायला आणि चार दिवसांत मासा झाला. मी काठावर त्याचा सदरा धरून उभी होते. मी म्हटलं, आता माका. काका हसले. आई आतून ओरडली, "गो, घरात ये. भाकरी थापूची आसा." आणि हा पुण्याच्या टँकमध्ये, शिट्टी वाजवणाऱ्या सरांसमोर, क्लोरीनच्या पाण्यात शिकलेला गृहस्थ जगाला कळवतो की समुद्रकाठच्या मुलीला पाण्याची भीती वाटते!

"पुन्हा कळव," मी म्हटलं. "कळव की बायकोला कुणी शिकवलं नाही. आणि तिसरा क्लास घे."

"अगं, अटलांटिक आहे तो. गार पाणी, मोठ्या लाटा. काही झालं म्हणजे?"

"तुला काही झालं म्हणजे?"

"मला पोहता येतं."

मागून मुलगी म्हणाली, "आई, रिलॅक्स. दॅट्स जस्ट बाबा." त्यावर मी आणखीनच चिडले. जस्ट बाबा म्हणे! तिच्या वयात माझ्या घरीही सगळे असंच म्हणायचे, ते काका आहेतच तसे. मग मी तिला विचारलं, "मी क्लासला येणार नाही, हे तुला माहीत होतं?" तिने फोनमधून डोकं वर काढलं. मग म्हणाली, "आय थॉट यू डिडन्ट वॉन्ट टू." म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं. सोळा वर्षं माझ्या मांडीवर स्वतःच्या चपला टाकून ती पाण्यात पळाली होती, तिला दुसरं काय वाटणार?

क्लासवाल्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात गैर काही नव्हतं. पोहता येत असेल तर आनंदाने या, नसेल तर जबाबदारी घेता येणार नाही. नवऱ्याने ते वाचून दाखवलं आणि सुटल्यासारखा चेहरा केला. "बघ, मी नाही म्हणत, तेच म्हणतायत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नाहीतर येतं म्हणून कळवू या. तिथे कोण तपासतंय?"

ही आपली खास अक्कल. लायसन्स असो, प्रकृतीचा दाखला असो, 'येतं' म्हणून ठोकून द्यायचं. मी म्हटलं, "मला बुडवायचंच असेल तर इथेच बुडव, तिकिटाचे पैसे तरी वाचतील." त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही. त्यांनी शावर्मा मागवला आणि मलाही आणला. मी तो खाल्ला, कारण राग शावर्म्यावर नव्हता.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक छोटा पूल आहे. भाड्यात त्याचे पैसे आम्ही सात वर्षं भरतोय आणि मी त्याच्या काठावर आजवर फक्त मुलीचा टॉवेल घेऊन उभी राहिले होते. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतून मी पोहण्याचा अंगभर पोशाख आणला, लांब बाह्यांचा, काळा. दुकानदाराने विचारलं, "बेटी के लिए?" मी म्हटलं, "माँ के लिए." तो गोंधळला. समजावत बसायला मला सवड नव्हती.

उन्हाळ्यात इथे सूर्य वर आला की पूलचं पाणी वरणासारखं गरम होतं, म्हणून मुलगी आणि मी पहाटे जायचो. पोरगी शाळेच्या स्विमिंग टीममध्ये, पण शिकवायला महाकठोर. "आई, लेट गो ऑफ द वॉल." मी काठ सोडायचे, दोन हात मारायचे, आणि पाय दगड बांधल्यासारखे खाली. पुन्हा काठ. वरच्या मजल्यावरचा म्हातारा शेजारी फेऱ्या मारता मारता रोज म्हणायचा, "इंशाल्ला, इंशाल्ला." मला त्याचाही राग यायचा. नवरा एकदा वर येऊन बघून खाली गेला. जायला महिना राहिला होता. मला काठ न धरता पूलच्या या टोकाहून त्या टोकाला जाता आलं नसतं, तर मी पेनिशला जाऊन पुन्हा वाळूतच बसणार होते. मुलीची घरातली शेवटची सुट्टी, आणि मी तिच्याकडे लांबून हात हलवणार.

शुक्रवारी सकाळी मी आईला व्हिडिओ कॉल करते. ती ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी तिला आजवर यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण ती काय म्हणणार हे ठाऊक होतं. पण त्या दिवशी माझ्या नाकात पाणी गेलं होतं, डोकं ठणकत होतं, आणि मी सगळं भडाभडा ओकले. काउंटर, भीती, क्लास, पूल. ती ऐकत होती. या वयात कित्याक, असं ती एकदाच म्हणाली.

"पाय खाली जातत," मी म्हटलं. "काय केल्यान वर रवणत नाय."

"मान वर धरतंस म्हणान," आई म्हणाली. तिने सुपातून वर पाहिलंही नाही. "नजर खाली ठेव. पाय आपसूक येतत."

"तुका काय म्हायत?"

तिचा हात सुपात थांबला.

"माका पोवाक येता," ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. ही बाई पन्नास वर्षं त्या समुद्रासमोर राहिली. तिला घोट्याच्या वर भिजलेली मी कधी पाहिली नाही. तिने सांगितलं, माहेरच्या विहिरीत ती भावांबरोबर शिकली होती, भावांच्या आधी शिकली होती. सासरी आल्यावर सुना पाण्यात उतरत नाहीत, म्हणून उतरली नाही. मी विचारलं, बाबांना माहीत होतं का? "तेंका कित्याक सांगतलंय?" ती म्हणाली.

"मगे माका कित्याक शिकवलं नाय?" माझा आवाज एवढा चढला की आतून मुलगी धावत आली. "मी काठार सदरो धरून उभी होतंय आनी तू भाकरी थापूक हाक मारलंस!"

"तू शिकला असतंस आनी सासरी गेल्यार सोडूचा लागला असता," आई म्हणाली. ती शांत होती, त्याचंच मला जास्त लागलं. "जा आपणाक येतच नाय, ताची आठवण कशी येतली?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. नवऱ्यावर ओरडले तसं, काकांवर ओरडायला हवं होतं तसं. मुलगी माझ्या खांद्याशी उभी राहून आजीकडे बघत होती. तिला मालवणी समजते, बोलत मात्र नाही.

"शेवटचा कधी पोवलंस?" मी विचारलं.

आईने तांदळातला एक खडा बाजूला टाकला.

"हळदीच्या दिवसा, सकाळी," ती म्हणाली. "हळद लावली तेव्हा केस ओलेच होते माजे."