एकाच माणसाचा साचा

नकाशे हे काही त्याचं आडनाव नव्हे. साधा खिळा ठोकायचा तरी हा आधी भिंतीचा नकाशा काढणार, म्हणून ऑफिसात कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते घरापर्यंत आलं. आता ऑफिस गेलं होतं, नाव तेवढं राहिलं होतं. कंपनीने एका दुपारी त्याचा अख्खा विभागच बंद केला. बायकोला हे माहीत होतं. आतल्या खोलीतल्या आईला मात्र मुलगा हल्ली घरून काम करतो, दार लावून मीटिंग घेतो, एवढंच ठाऊक. नवी नोकरी लागली की दोन्ही बातम्या एकदम द्यायच्या, असा त्याचा बेत होता. त्या बेतालाही आता बरेच महिने झाले होते.

आणि नोकरी खरंच दाराशी आली होती. एका लहान कंपनीच्या बाईंनी फोनवर सांगितलं, की तुमची स्वतःची छोटीशी वेबसाइट करून पाठवा. तीन पानं पुरेत: तुम्ही कोण, काय केलंत, पुढे काय करायचंय. लिंक सोमवारी सकाळी हवी.

रविवारची दुपार उलटली तरी साइटवर एक अक्षर नव्हतं. कोड मात्र ढीगभर. नकाशेने आधी ‘व्यक्ती’ नावाचा क्लास, म्हणजे कोडमधला एक साचा, लिहिला. त्यातून ‘व्यावसायिक’ काढला, त्यातून ‘प्रोग्रामर’. मग पानाचा एक क्लास, पानावरच्या चौकटींचा एक, त्या चौकटी बनवणाऱ्याचा आणखी एक. मध्येच उठून खिडकी उघडायचा, लावायचा, स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायचा, आणि परत बसून ‘व्यक्ती’चं नाव ‘मानव’ करायचा. थोड्या वेळाने पुन्हा ‘व्यक्ती’. जिवाला चैन म्हणून नाही. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे. इथे अख्खा डोंगर पोखरून झाला होता आणि उंदराचा पत्ता नव्हता.

रक्ततपासणीच्या लॅबमधली पाळी संपवून बायको आली आणि किती झालं म्हणून विचारलं. झालं, नकाशेचं व्याख्यान सुरू झालं. साचा एकदा नीट केला की त्यातून हव्या तेवढ्या वस्तू काढा. ऑफिसात बँकेच्या खात्यांचे ढीगभर प्रकार होते, पण चूक साच्यात दुरुस्त केली की सगळीकडे दुरुस्त व्हायची. यात खोटं काहीच नव्हतं. तिथे साच्यांवाचून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं असतं.

“आणि ही साइट किती जणांची आहे?” तिने पर्स खुंटीला अडकवत विचारलं.

“एकाची. पण उद्या वाढली तर?”

“तू एकटाच आहेस रे. वाढून वाढून किती वाढशील?”

तो चिडला, दोन शब्द जास्तच बोलला, आणि धुसफुसतच सगळे क्लास पुसून टाकले. तीन साध्या फायली केल्या. तिचा चहा होईपर्यंत पानं तयार होती. वर ‘माझ्याविषयी’ एवढा मथळा, खाली कोरी जागा. ती पाहिल्यावर मात्र तो खुर्ची मागे सारून उठला. साचे करत होता तोवर आत काय ओतणार असं कुणी विचारत नव्हतं. त्याला साइटची काळजी कधी नव्हतीच, त्याला या जागेची भीती वाटत होती.

“सगळी वर्षं व्याजाचा हिशेब तपासण्यात गेली,” तो बायकोला म्हणाला. “आता तेही नाही. मी लिहू काय?”

“हेच लिही,” ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

त्याने लिहिलं, खोडलं, येरझाऱ्या घातल्या, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच उरलं: ‘मी बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याजाचा हिशेब सांभाळायचो. माझ्या चुकीने कुणाचं व्याज बुडालं नाही. सध्या मला नोकरी नाही. ही साइट साधी आहे, कारण माणूस एकच आहे.’

पाठवायला गेला आणि हात थांबला. हे आता जगात कुणीही वाचणार, म्हणजे आज ना उद्या आईच्या कानावर जाणार. कुणा तिऱ्हाइताकडून तिला कळण्यापेक्षा आपणच दाखवावं. लॅपटॉप उचलून तो आतल्या खोलीत गेला आणि तिच्यापुढे उघडून ठेवला.

आईने चष्मा लावला. पुटपुटत वाचलं, एका ओळीवर थांबली, पुन्हा वाचलं. तो उभ्या उभ्या पाय बदलत राहिला.

“माहीत होतं मला,” ती म्हणाली.

“हिने सांगितलं?”

“ती कशाला सांगेल? तू दार लावून मीटिंगमध्ये बोलायचास ना, ते इकडे ऐकू यायचं. समोरच्याला बोलायला मध्ये जागाच सोडायचा नाहीस.” तिने चष्मा काढला. “इतके दिवस एकटाच बोलत होतास रे. बस इथे जरा.”