“बाई, पाय तुमचा न्हाई, त्याल हाय”

गेल्या महिन्यात एका सकाळी साताऱ्याहून फोन आला. “बाई, नाना गेले,” गणपतनानांचा थोरला मुलगा सांगत होता. “काल दुपारी अंगणात बसले होते. रस्त्यानं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर गेला, तर म्हणाले, त्याला सांगा, डिझेलचं नोझल खराब हाय... आणि मान टाकली.” डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला हसूच आलं. शहाऐंशी वर्षांचा माणूस जाता जाता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची तपासणी करून गेला होता! शेजाऱ्यानं नोझल खोललं, ते खरंच खराब निघालं, हे मुलानं मला नंतर सांगितलं.

गणपतनाना साताऱ्यात मोटारी दुरुस्त करायचे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढून आलेले. त्यामुळे खाकी हाफपँट आणि दर तासाला हात धुण्याची सवय कायमची. माझी त्यांची ओळख सत्तरच्या दशकातली, आणि ती झाली एका क्लचमुळे. माझे वडील सांगलीत डॉक्टर होते. धरणाच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी निघाला तेव्हा त्यांनी हौसेनं त्याची अमेरिकन गाडी घेतली. लालभडक, दोनच दारांची, आठ सिलिंडरची, हातानं टाकायचे चार गिअर. ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला की पाठ सीटला चिकटायची. वडिलांनी ती दोनदा चालवली आणि किल्ली मुकाट्यानं माझ्या हातात दिली. मी पंचवीस वर्षांची, साताऱ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी त्या गाडीनं सांगलीला निघायची. वाटेत ऊसतोडीच्या बैलगाड्यांवरची माणसं उभी राहून बघायची. काय दिवस होते...

मग क्लच घसरायला लागला. पाय दाबावा तर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी आपली होती त्याच चालीनं. चढ लागला की जळका वास. सांगलीत दोनदा क्लचच्या प्लेटवरचं लायनिंग बदललं, दोन्ही वेळा दीड महिन्यात पुन्हा तेच. आमच्या काकांनी जेवता जेवता निकाल दिला, “पोरीचा पाय सारखा क्लचवर असतो. बायकांना जमणारं काम आहे का हे?” पुढच्या आठवड्यात वडिलांचं पत्र आलं : पुण्याचे एक गृहस्थ रविवारी साताऱ्यात गाडी बघायला येतील, आम्हीही येतो. गाडी जाणार याचं दुःख होतंच. पण पायावर आलेला तो ठपका मला जास्त झोंबला. कारण मनातून मलाही वाटायला लागलं होतं, खरंच माझं चुकत असेल का?

कुणीतरी नानांचं नाव सांगितलं. मी गेले तेव्हा ते बोनेट न उघडता गाडीभोवती एक फेरी मारून आले. हँडब्रेक ओढायला लावला, इंजिन चालू, चौथा गिअर, आणि म्हणाले, “आता क्लच हळू सोडा.” क्लच धड असता तर इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं होतं. ते मजेत चालूच राहिलं. “घसरतोय, लय घसरतोय,” असं म्हणत ते शेजारी येऊन बसले. “चला, यवतेश्वरच्या घाटात.” घाटभर त्यांनी रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते माझ्या डाव्या पायाकडे बघत होते. मला इतका संकोच कॉलेजच्या पहिल्या तासालाही वाटला नव्हता. परत आल्यावर मी विचारलं, “माझाच पाय ना?”

“कुनी सांगितलं? पाय झ्याक हाय तुमचा. गिअर पडला की बाजूला जातोय. रोग दुसराच हाय.”

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरला होता. क्लचचं घर आतून ओलं, लायनिंग तेलानं काळंकुळकुळीत. नानांनी बोटावर थोडं तेल घेऊन माझ्या नाकासमोर धरलं. “हुंगा, बाई. गिअरचं आसतं तर गंधकावानी वास आला आसता. हे इंजिनचं.” इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी एक पीळदार दोरी असते, ती झिजली होती. तेल थेंबथेंब क्लचवर येत होतं आणि नवं लायनिंग पुन्हा पुन्हा भिजत होतं. आता ती अमेरिकन दोरी साताऱ्यात कुठून आणायची? मी हताश झाले. नाना हात धुऊन सायकलवर बसले आणि तासाभरात उसाला पाणी देणाऱ्या पंपाची ग्लँडची दोरी घेऊन आले. “पानी आडवती, तर त्याल का न्हाई आडवायची?” इंजिन साखळीनं वर घेऊन त्यांनी ती दोरी लाकडी दांडक्यानं ठोकून खाचेत बसवली. क्लचची प्लेट ज्याला चिकटते त्या फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले होते, तो लेथवर घासून आणला. ट्रकचं लायनिंग कापून जुन्या प्लेटवर रिव्हेटनं ठोकलं. शनिवारी संध्याकाळी हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये मी क्लच सोडला... इंजिन गचकन बंद! नानांनी टाळीच वाजवली. इंजिन बंद पडल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

रविवारी वडील, काका आणि पुण्याचे गृहस्थ आले. नाना वडिलांना म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दोनदा मलम लावलं, जखम कुनी बघितलीच न्हाई. बाईंचा पाय न्हाई, त्याल हाय.” वडील एकदम ओशाळले. मग सगळ्यांना बसवून मी पुन्हा यवतेश्वरला निघाले. भर चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, आणि गाडी अशी उसळली की मागे बसलेल्या काकांची टोपी काचेला जाऊन चिकटली. “पोरी, सावकाश!” ते ओरडले. वर पोचल्यावर पुण्याचे गृहस्थ उतरले ते खिशात हात घालूनच, “आत्ताच ठरवून टाकू.” वडील शांतपणे म्हणाले, “माफ करा, गाडी द्यायची नाही. माझी मुलगी चालवते ती.” काका टोपी झटकत राहिले. पुढे बारा वर्षं मी ती गाडी चालवली.

परवा नानांच्या घरी गेले होते. त्यांची पत्नी, सगळ्यांच्या आक्का, दारातच भेटल्या. अंगणात नानांची जुनी जीप उभी. चालवणं सुटल्यावरही दर रविवारी ते ती दहा मिनिटं चालू करून ठेवायचे, हे मला आक्कांकडूनच कळलं. “ते गेल्यापास्नं कुनी हात लावला न्हाई,” असं म्हणत त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे धरली. मी बसले. तिसऱ्या झटक्याला जीप खोकली, धूर सोडला, कोंबड्या चारी दिशांना पळाल्या. मी ती तशीच चालू ठेवून उतरणार, तोच आक्का पदर खोचून शेजारच्या सीटवर चढल्या.

“आवं, उतरताय कुटं? चला.”

“कुठं जायचं, आक्का?”

“कुटं का आसंना. नुसती हुबी करून धूर काढायचं त्येंचं. मला कवा फिरवलं न्हाई बगा!”

मग आम्ही दोघी निघालो, महाबळेश्वरच्या रस्त्यानं.