उस्तादांचा नट

उस्ताद ही पदवी त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांनीच ती लावून घेतली आणि बाकीच्यांनी मान्य केली, कारण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यांच्या गॅरेजात कायदा एकच होता: ज्याने नट आवळला त्यानेच तो सोडवायचा. दुसऱ्याच्या नटाला पाना लावणं म्हणजे त्याला तोंडावर अडाणी म्हणणं. या कायद्यापायी एक चांगला वेल्डर रागारागाने काम सोडून गेला, तरी उस्ताद तसूभर हलले नाहीत. धाकटा भाऊ तेवढा टिकला. त्याच्या हातात पहिला पाना थोरल्यानेच दिला होता, आणि थोरल्याचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

त्या दिवशी घरचीच पिकअप गॅरेजात उभी होती. गाडी म्हातारी, मागून पार बसलेली. खाणीवरून फरश्या भरल्या की मागची चाकं वरच्या पत्र्याला घासायची. म्हणून मागच्या चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल आणि त्यावरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून तिला उचलायचं ठरलं. फरश्यांचा धंदा उस्तादांच्या मुलीचा, गाडीही तीच चालवायची.

"पोरीची गाडी आहे, मीच बसवणार," असं म्हणून उस्ताद चपला काढून, दुखरी पाठ विसरून गाडीखाली शिरले. धाकट्याला त्यांनी जॅक सांभाळण्यापुरतं ठेवलं.

ठोकळे बसले, ते जखडणारे नवे लांब यू-बोल्ट चढले, नट आवळून झाले. चाकं लावून गाडी खाली घेतली तेव्हा ती खरोखरच ऐटीत उभी राहिली. दुपार होत आली होती, खाणीवर माणसं खोळंबली होती. धाकट्याची ही पुतणी घाईने गाडीत जाऊन बसली.

धाकटा जॅक उचलायला वाकला आणि त्याची नजर मागच्या चाकांवर गेली. डावं चाक जागच्या जागी होतं. उजवं दोन बोटं मागे सरकलेलं होतं. त्याने खाली डोकावून पाहिलं. ठोकळ्याच्या बुडाला एक खुंटी असते, ती अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसायला हवी. इथे ती भोकाच्या काठावर चढली होती आणि उस्तादांनी नट तसेच आवळले होते. रिकामी गाडी कदाचित निभावून नेईल. भरल्या गाडीने खाणीच्या उतारावर ब्रेक मारला, की अ‍ॅक्सल निसटणार.

"दादा, उजवीकडे एकदा बघ ना."

"बघितलंय."

"खुंटी बसली नाहीये असं वाटतंय."

"वाटतंय?" उस्तादांचा आवाज चढला. "तुला शिकवलं कुणी?"

पुतणीने गाडी सुरू केली. "काका, बाजूला हो ना, उशीर होतोय."

या पोरीला धाकट्याने खांद्यावर बसवून फिरवलं होतं. भावाचा इतका राग त्याला जन्मात आला नव्हता, आणि भीती त्याहून मोठी होती. त्याने पाना उचलला, मागच्या चाकासमोर सरळ आडवा झाला आणि उस्तादांच्या नटाला पाना लावला.

इंजिन बंद झालं. उस्तादांनी त्याचा घोटा पकडला. "तो नट सोडलास तर या गॅरेजात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार. पण आधी हाताने चाचपून बघ. डोळ्यांनी नको."

उस्तादांनी घोटा सोडला. मग त्याच्या शेजारी येऊन आडवे झाले. त्यांची बोटं अ‍ॅक्सलवरून ठोकळ्यावर गेली, तिथून खालच्या फटीत. करंगळी आत गेली. त्यांनी पुन्हा चाचपलं, आणि पुन्हा एकदा.

"मला बसलेली दिसली होती रे," ते हळूच म्हणाले.

"कधीपासून असं होतंय, दादा?"

चष्मा घरी राहिला, बल्बच मिणमिणता आहे, ही त्यांची कारणं घरात सगळ्यांना पाठ होती आणि सगळे त्यावर हसत आले होते. पुतणी खाली वाकून बघत होती.

"गाडी आज जायची नाही," उस्ताद तिला म्हणाले. मग भावाला म्हणाले, "सोड तो नट."

नट ढिला झाला तसा धाकट्याचा जीव भांड्यात पडला. पोरगी वाचली होती, बाकी रुसवेफुगवे काय, होतील आणि जातील. पण उस्ताद उठत नव्हते. वरच्या लोखंडाकडे बघत ते म्हणाले, "गेल्या महिन्यात शाळेच्या व्हॅनला मीच ठोकळे घातले."

शाळा सुटायची वेळ झाली होती. पुतणी शाळेत फोन लावायला लागली, पण पलीकडे कुणी उचलत नव्हतं. पाठ धरून उस्ताद गाडीखालून कसेबसे बाहेर आले आणि अनवाणीच रस्त्याला लागले. जन्मभर ज्या माणसाने आपल्या नटाला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, तो आता भेटेल त्याला ओरडून सांगत पळत होता, की व्हॅन अडवा, तिचं काम मी केलंय.