गळा बेचाळीस

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात मास्तर कपडे शिवायचे आणि त्यांची बायको काजं करायची. सगळे तिला वहिनी म्हणत. तिच्या काजातून आपणहून निसटायची बटणाची बिशाद नव्हती. मापांची वहीही तिच्याकडेच. मास्तर टेप धरून आकडा सांगायचे, ती लिहायची आणि प्रत्येक मापाच्या डोक्यावर घड्याळात बघून वेळ टाकायची. "मी तर सकाळीच कापड दिलं होतं" म्हणून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकांनी लावलेली ही सवय. "इथून काय गाड्या सुटतात का?" असं म्हणून मास्तर तेवीस वर्षं तिची टर उडवत आले होते.

मास्तरांच्या तोंडाला कुलूप नव्हतंच. पोट सुटलेला कुणी आला, की गंभीर चेहऱ्याने "कंबर ऐंशी" म्हणायचे, त्याला दचकू द्यायचे आणि मग खरा आकडा सांगायचे.

त्या दिवशी शाळेची व्हॅन चालवणारा शर्ट शिवायला आला. वहिनीने वेळ टाकली, अकरा दहा. खांदा अठरा, बाही चोवीस, छाती चाळीस. "गळा," मास्तर म्हणाले, जरा थांबले, "बेचाळीस."

व्हॅनवाला हसला. वहिनीही हसली आणि मुद्दाम बेचाळीसच लिहिलं. मास्तर पुन्हा बेचाळीस म्हणाले. मग तिसऱ्यांदा. टेप खाली पडली तेव्हा तिने मान वर केली. त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात लोंबत होता. आपण हसत बसलो, हे तिला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.

शेजारचा चपलावाला म्हणाला, "जरा आडवं करा, चक्कर असेल."

"माझ्या वडलांना आम्ही असंच आडवं केलं होतं," व्हॅनवाला म्हणाला. "वहिनी, दुकान राहू द्या. चला."

त्याने मास्तरांना उचलून गाडीत घातलं. दहा मिनिटांत हॉस्पिटल आलं. वही वहिनीच्या मुठीतच राहिली होती.

"नीट बोलत होते ते शेवटचं कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "अंदाजे नको."

वहिनीने वही पुढे केली. "ही अकरा दहाची वेळ. छातीपर्यंत बरोबर सांगितलं. गळ्यापाशी बिघडलं."

बाईंनी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "इतकं नेमकं आम्हाला कुणी सांगत नाही."

मेंदूचा फोटो निघाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं गेलं. मग बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. "मोठी रक्तवाहिनी अडली आहे. नुसतं इंजेक्शन पुरेल असं वाटत नाही. जांघेतून बारीक नळी आत घालायची, मेंदूपर्यंत न्यायची आणि जाळीत धरून गुठळी ओढून काढायची. जोखीम आहे, पण तुम्ही लवकर आलात."

"नेफ्यात नाडी ओवतात तसं?"

"जवळपास तसंच."

"बोलतील ना?"

"आत्ताच सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर वहिनी वही धरून बसून राहिली. या माणसाने घटकाभर गप्प बसावं म्हणून तिने आजवर किती बोटं मोडली होती. आता त्यांनी दिवसभर डोकं खाल्लं असतं तरी तिला चाललं असतं.

तासाभराने बाईंनी जाळीच्या कापडावरचा तांबडाकाळा ठिपका दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढाही नसेल. "निघाली. रक्त पुन्हा वाहतंय." वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिला बाईंच्या पाया पडायचं होतं, पण बाई पुढच्या पेशंटकडे गेल्याही होत्या. मग मास्तर तिथे होते तेवढे दिवस तिने सुईदोरा घेऊन वॉर्डातल्या नर्सांच्या एप्रनची सैल बटणं पक्की केली. आभार मानायची दुसरी रीत तिला येत नव्हती.

मास्तरांचा हात दुसऱ्याच दिवशी हलला. बोलणं मात्र हट्टी निघालं. शब्द यायचे, आकडे येईनात. आकड्यांशिवाय मास्तर कसले मास्तर? वहिनी रोज टेप समोर धरायची आणि ते मान फिरवायचे.

दोन महिन्यांनी व्हॅनवाला दुकानात आला आणि मापाला उभा राहिला. मास्तरांनी त्याच्या गळ्याभोवती सावकाश टेप लावली, बोट घालून सैल केली. वहिनी पेन धरून थांबली.

"गळा," मास्तर म्हणाले. ओठ हलत राहिले. "साडे... साडेपंधरा."

वहिनीला वहीतलं काही दिसेना. तिने अंदाजानेच आकडा लिहिला.

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "वेळ," ते म्हणाले, "वेळ टाक."